सेक्रेटरी आबा

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातल्या सहकाराविषयी बोलण्याची वेळ आली की आपण साखर कारखान्यांच्या संस्थापकांची, जिल्हा संघांच्या अध्यक्षांची नावे आदराने घेतो, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु खेड्यात रोज पहाटे डेअरीचे कुलूप उघडणाऱ्या, दारात आलेल्या प्रत्येक किटलीतले दूध मोजून घेणाऱ्या आणि त्या दुधाचा पैसा ज्याचा त्याला पोहोचवणाऱ्या सेक्रेटरीचे नाव अशा वेळी कुणाच्या तोंडी येत नाही. माझे वडील असे एक सेक्रेटरी होते. राधानगरी तालुक्यात, भोगावतीच्या खोऱ्यातील एका लहान गावात त्यांनी आपल्या उमेदीची सारी वर्षे प्राथमिक दूध संस्थेला दिली. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत होतो आणि हळूहळू सारे गावही त्यांना आबाच म्हणू लागले. त्यांचे काम नेमके कसे चालत असे हे सांगितल्यावाचून त्यांच्याविषयी खरे काही सांगता येणार नाही, म्हणून आज मी वडिलांबरोबरच दुधाविषयीही बरेच बोलणार आहे.

गुजरातमधील आणंद येथे १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला, १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि १९७० मध्ये देशात दूध महापूर योजना सुरू झाली, हा इतिहास आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्या गावात मात्र त्या काळापर्यंत दुधाचा व्यवहार व्यापाऱ्याच्या हाती होता. म्हैस घ्यायला उचल त्याचीच, माप त्याचेच आणि दरही तोच सांगेल तो. पावसाळ्यात दूध वाढले की दर पडायचा, आणि उन्हाळ्यात म्हशी आटल्या की उचल फेडायची राहून गेल्याने पुढच्या वर्षीचे दूधही त्यालाच घालावे लागायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावातील काही शेतकरी एकत्र आले आणि संस्थेची नोंदणी झाली, तेव्हा हिशेब लिहू शकणारा आणि गावात टिकून राहणारा माणूस हवा होता. आबा जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले होते, दीड एकर जमीन कसत होते आणि कोल्हापुरात नोकरी शोधण्याच्या विचारात होते. त्यांनी तो विचार सोडला. मानधन इतके तुटपुंजे होते की घर त्यावर कधीच चालले नाही. घर चालले ते भातावर, थोड्याशा उसावर आणि आईने सांभाळलेल्या दोन म्हशींवर.

त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. आदल्या रात्री धुवून पालथे घातलेले चाळीस लिटरचे कॅन ते पुन्हा गरम पाण्याने विसळून घेत, कारण कॅनच्या कडेला राहिलेला दुधाचा अंश साऱ्या कॅनचे दूध नासवू शकतो आणि एका घराच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड साऱ्या गावाला बसतो. साडेपाचच्या सुमारास बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहत. दूध ढवळून घ्यायचे, माप घ्यायचे, दुधात पाणी आहे का ते कळण्यासाठी तरंगणारी दुग्धमापी सोडून बघायची, नंबर घातलेल्या लहान बाटलीत नमुना काढायचा आणि वहीत नोंद करायची, हे काम संघाची गाडी येईपर्यंत अखंड चाले. संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात नमुन्यांची फॅट काढायची, म्हणजे दुधात किती स्निग्धांश आहे ते तपासायचे, हिशेब लिहायचा आणि मग शेताकडे जायचे. म्हैस दिवाळीच्या दिवशीही दूध देते आणि घरात कुणी वारले तरी तिची धार काढावीच लागते, त्यामुळे डेअरीला सुट्टी अशी नसतेच. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आबा सकाळचे संकलन उरकून, गाडी मार्गी लावून मगच मांडवात आले होते, आणि वऱ्हाडातल्या कुणालाही त्याचे नवल वाटले नव्हते, कारण त्यांच्यापैकी निम्मी मंडळी स्वतःही दूध घालूनच आली होती.

श्रोतेहो, दुधाचा दर मुख्यतः त्यातील स्निग्धांशावर, म्हणजे आपण ज्याला फॅट म्हणतो त्यावर ठरतो. म्हशीच्या दुधाला सहा टक्के आणि गाईच्या दुधाला साडेतीन टक्के फॅट धरून दर बांधलेला असतो आणि त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या भागाला, पैसे वाढतात किंवा कापले जातात. त्या काळी फॅट काढण्याची गर्बर पद्धत होती. काचेच्या एका विशिष्ट नळीत आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल घ्यायचे, त्यावर नळीच्या कडेने अगदी सावकाश १०.७५ मिलिलिटर दूध सोडायचे, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घालून बूच बसवायचे आणि नळी हलवायची. आम्लाने दुधातला बाकीचा भाग विरघळतो, नळी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आतला द्रव गडद तपकिरी होतो. मग अशा अनेक नळ्या हाताने फिरवायच्या यंत्रात घालून पाच मिनिटे एका गतीने फिरवल्या की स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या आखलेल्या मानेत पिवळसर स्तंभासारखा चढतो. तो डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. डोळा जरा वर किंवा खाली असला तरी एक-दोन पॉइंटांचा फरक पडतो.

एक-दोन पॉइंट ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. परंतु दिवसाचे दोन लिटर दूध घालणाऱ्या घराला दहा दिवसांच्या बिलात त्यातून मिठामिरचीचे पैसे सुटतात किंवा बुडतात, आणि हे वाचन जो माणूस एकट्याने, दुपारच्या शांत वेळी, कुणीही समोर नसताना करतो त्याच्या मनात काय आहे यावर ते पैसे अवलंबून असतात. आबांच्या आयुष्याचा गाभा मला इथे दिसतो. त्यांनी सभा गाजवल्या नाहीत, निवडणूक लढवली नाही. त्यांनी वर्षानुवर्षे दररोज दोन वेळा, गावातल्या प्रत्येक घराचा तो पिवळा स्तंभ एकाच नजरेने वाचला. समाजसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी मोठे, लोकांना दिसणारे काम येते. हे काम कुणाला दिसत नव्हते आणि तरीही साऱ्या गावाचा विश्वास त्यावर उभा होता, म्हणून मी त्याला मोठी सेवा मानते.

आपल्या घरचे दूध मात्र ते स्वतः कधी मोजत नसत. संस्था सुरू झाली तेव्हाच त्यांनी पंच कमिटीपुढे सांगून टाकले होते की सेक्रेटरीच्या घरचे माप आणि फॅट कमिटीतला एखादा सभासद घेईल, आणि आमच्या खात्यासमोर नेहमी दुसऱ्या कुणाची तरी सही असे. आईला हे सुरुवातीला मानवले नव्हते. आपल्याच घरात आपल्यावर अविश्वास कशाला, असे तिचे म्हणणे होते. आबांनी तिला उत्तर दिले नाही, पण पुढे एकदा एका वजनदार घरच्या दुधात दुग्धमापी एकदम खाली बुडाली आणि आबांनी ते दूध परत केले, तेव्हा त्या घरच्यांनी डेअरीच्या दारात उभे राहून विचारले, "आणि तुमच्या घरचं कोण बघतंय?" आबांनी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्या संध्याकाळी आईने तो विषय कायमचा सोडला. दुग्धमापीविषयी एक गोष्ट इथे सांगायला हवी. पाणी घातलेल्या दुधात ती खाली जाते हे खरे, परंतु साय काढून घेतलेल्या दुधात ती वर येते, म्हणून साय काढून वर बेताचे पाणी घातले तर तिचे वाचन जागच्या जागी राहू शकते. अशी लबाडी फॅटच्या नळीत पकडली जाते. त्यामुळेच आबा कितीही घाई असली तरी दोन्ही तपासण्या सोडत नसत.

दूध परत करण्यापेक्षा त्यांना दूध सुधारण्यात अधिक रस होता. आमच्या वाडीवर एक विधवा बाई होत्या, त्यांच्याकडे एकच पंढरपुरी म्हैस होती आणि तिला फॅट कमी लागू लागली होती. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आबा, म्या एक थेंब पाणी घातलं न्हाई." आबांना ते पटले होते. ते दुसऱ्या दिवशी पहाटे संकलनाआधी त्यांच्या गोठ्यात जाऊन बसले आणि धार बघितली. बाई रेडकाला आधी बांधून ठेवून, धार काढून झाल्यावर शेवटी सोडत होत्या, आणि कासेत शेवटी उरते ते सर्वांत सकस दूध रेडकाच्या पोटात जात होते. रेडकाला आधी पाजा आणि शेवटची धार किटलीत येऊ द्या, एवढेच आबांनी सांगितले. त्या महिन्याच्या बिलात फरक दिसला. उसाच्या हंगामात फुकट मिळते म्हणून लोक जनावरांना नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, ठेवत, त्याबद्दलही ते सतत बोलत. वाड्याबरोबर हिरवी वैरण आणि सरकी पेंड हवी, खनिज मिश्रण हवे, हे त्यांनी संस्थेच्या फळ्यावर लिहून ठेवले होते आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना माप घेता घेता ते तोंडी सांगत. लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचावी लागते, तेव्हा ते आदल्या दिवशी घरोघर फिरत आणि ज्यांचा लसीवर विश्वास नसे त्यांच्या गोठ्यात डॉक्टरांच्या बरोबर स्वतः उभे राहत.

मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो आणखी एका गोष्टीचा. गावात म्हशीचे सारे काम बायका करतात. वैरण आणायची, शेण काढायचे, धार काढायची, किटली डोक्यावर घेऊन डेअरीत यायचे, हे सारे त्यांचे. आणि सभासदत्व मात्र नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे दहा दिवसांचे बिल घ्यायला येणारा हातही नवऱ्याचा. त्यातले किती पैसे घरी पोहोचत ते गावाला माहीत होते. आबांनी वार्षिक सभेत भाषण वगैरे केले नाही. नवे सभासद करून घेताना ते फॉर्म भरायला बसत आणि विचारत, "धार कोण काढतंय?" जे नाव सांगितले जाई तेच ते फॉर्मवर लिहीत. काही पुरुष रागावले, कुणी वरपर्यंत तक्रार नेण्याची भाषा केली, पण कायद्याने त्यात काहीच गैर नव्हते. नंतर बिल वाटण्याच्या दिवशी एखाद्या बाईचा नवरा पैसे मागायला आला की आबा शांतपणे सांगत, "खातं ज्याचं, सही त्याची. वहिनींना पाठवून द्या." सहीचा प्रश्न होताच, कारण बऱ्याच जणी अंगठा उठवत होत्या. तेव्हा आईने पुढाकार घेतला. संध्याकाळच्या संकलनानंतर आमच्या सोप्यात कंदिलाभोवती दहा-बारा बाया पाटीवर आपापले नाव गिरवत बसलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. आईला स्वतःला सही करायला आबांनीच शिकवले होते. आबांच्या कामाची आठवण सांगताना आईचे हे काम वेगळे काढता येत नाही, आणि काढूही नये.

घरासाठी त्यांना वेळ मिळत नसे, असे कुणालाही वाटेल. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते आल्याचे मला आठवत नाही. परंतु रात्रीचे जेवण झाले की हिशेबाची मोठी वही जमिनीवर उघडली जाई आणि आम्ही भावंडे तिच्याभोवती बसत असू. लिटर, फॅट आणि दर यांचा गुणाकार आम्ही तोंडी करायचा आणि आबांनी तो कागदावर ताडून बघायचा, असा रिवाज होता. दशांश अपूर्णांक मी शाळेत शिकण्याआधी त्या वहीत शिकले. चूक झाली तर ते रागावत नसत. ते त्या घराचे नाव घेत आणि म्हणत, "बघ, एवढ्यानं त्यांचे किती पैसे गेले असते." पुढे मी गणिताची शिक्षिका झाले आणि अनेक पुस्तके वाचली, पण संख्येच्या मागे माणूस असतो ही गोष्ट मला ज्या पद्धतीने तेव्हा कळली तशी नंतर कुणी शिकवली नाही. आम्हा बहिणींच्या शिक्षणासाठी त्यांनी एक म्हैस विकली होती. ती विकल्याचे दुःख आईला होते, आबांनाही असावे, परंतु घरात त्यावर एकदाही चर्चा झाली नाही. नळ्या धुताना आम्लाचे थेंब उडून त्यांच्या सदऱ्यांना भोके पडत आणि आई ती रफू करून देई. आम्लाच्या बरणीच्या खोलीला मात्र कायम कुलूप असे आणि आम्हा मुलांपैकी कुणालाही त्या उंबऱ्याच्या आत जाण्याची परवानगी नव्हती.

जुलै २००५ च्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यात मोठा पूर आला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावतीचे पाणी शेतात पसरले आणि गावाचा रस्ता बुडाला. गाडी येणे शक्य नव्हते. म्हशींचे दूध मात्र थांबत नाही, आणि गाडी येत नाही म्हणून दूध ओतून द्यायची वेळ त्या दिवसांत अनेक गावांवर आली. आबांनी संकलन बंद केले नाही. त्यांनी नेहमीच्या वेळी डेअरी उघडली, नेहमीसारखे माप घेतले, फॅट काढली आणि वहीत नोंद केली. जमलेले दूध मोठ्या कढयांत आटवून खवा करायला लावला, काही दुधाचे दही लावले आणि नदीकाठच्या वस्तीतून शाळेत आणून ठेवलेल्या कुटुंबांना दूध आणि दही पोहोचवले. लोक विचारत होते की हे दूध कुठेच जात नाही तर ते मोजायचे कशासाठी. त्याचे उत्तर दिवाळीच्या आधी सभेत मिळाले. गाडी न आल्याने झालेले नुकसान एकट्यादुकट्याच्या माथी न मारता सर्वांनी फरकाच्या रकमेतून, म्हणजे वर्षाच्या दुधावर सभासदांना नंतर मिळणाऱ्या जादा पैशांतून, वाटून घ्यायचे असे ठरले, आणि कुणाचे किती दूध होते याचा वाद झाला नाही, कारण वहीत त्या दिवसांचा एकही रकाना कोरा नव्हता. फरकाची रक्कमही ते प्रत्येक खात्यासमोर फळ्यावर जाहीर लिहीत असत. कमिटीतल्या काहींना ती प्रथा आवडत नसे, पण लेखापरीक्षणात संस्थेला मिळणारा अ वर्ग सर्वांनाच हवा असे.

काही वर्षांपूर्वी आबा गेले. त्यांचे शेवटचे मोठे काम सांगून मी थांबणार आहे. संस्थेने इलेक्ट्रॉनिक फॅट मशीन आणि संगणक घ्यायचे ठरवले तेव्हा आबांचे वय झाले होते आणि त्यांनी आपली जागा गावातल्या एका पदवीधर मुलीकडे सोपवायचे नक्की केले होते. जुन्या माणसाने नव्या यंत्राला विरोध करावा अशी काहींची अपेक्षा होती. आबांना यंत्र हवेच होते, कारण त्यात आकडा दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटतो आणि सेक्रेटरीच्या एकट्याच्या नजरेवर कुणाला अवलंबून राहावे लागत नाही. मात्र त्यांनी एक अट घातली. काही आठवडे त्यांनी रोजचे निवडक नमुने आधी यंत्रावर आणि मग गर्बरच्या नळीत तपासले आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले. जास्त फॅटच्या म्हशीच्या दुधाला यंत्र थोडे कमी वाचत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ती वही तंत्रज्ञापुढे ठेवली, यंत्र जुळवून घेतले, पुन्हा ताडून पाहिले आणि मगच फळ्यावर लिहिले की उद्यापासून फॅट मशीनवर निघेल. काचेच्या नळ्या आणि हाताने फिरवायचे ते यंत्र भंगारात द्यायला मात्र त्यांनी मनाई केली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काही नमुने जुन्या पद्धतीने तपासून बघायचे, असा ठराव त्यांनी कमिटीकडून करून घेतला, आणि आता सेक्रेटरी असलेली ती मुलगी तो ठराव पाळते. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले होते तेव्हा तिने मला ती वही दाखवली. आबांच्या अक्षराखाली तिचे अक्षर सुरू झाले आहे, आणि दोन्ही रकान्यांत फरक पडला त्या महिन्यांपुढे यंत्र पुन्हा केव्हा जुळवून घेतले त्याची तारीख लिहिलेली आहे. नमस्कार.